एका गोलाने हरणारा संघ: लेस्टर सिटी, २०१४-१५

२१ मार्च २०१५ ला लंडनमध्ये टॉटनहॅमने लेस्टर सिटीला ४-३ असं हरवलं. इंग्लंडच्या फुटबॉलमधली सर्वांत वरची श्रेणी म्हणजे प्रीमियर लीग; तिथले लेस्टरचे २९ सामने झाले होते, गुण १९ होते आणि वीस संघांच्या तक्त्यात त्यांच्या खाली कुणी नव्हतं. दर हंगामात तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये जातात. वाचायचं तर निदान सतरावा क्रमांक लागतो, आणि तो सात गुण लांब होता. हातात उरले होते नऊ सामने.

नाताळात शेवटच्या क्रमांकावर असूनही त्या हंगामात वाचल्याची प्रीमियर लीगमध्ये तोवर दोनच उदाहरणं होती: २००४-०५ मधला वेस्ट ब्रॉम आणि २०१३-१४ मधला सँडरलंड. लेस्टर तिसरा ठरला. नऊ सामन्यांत सात विजय, एक बरोबरी आणि एक हार. २९ सामन्यांत १९ गुण मिळवणाऱ्या संघाने नऊ सामन्यांत २२ मिळवले आणि ४१ गुणांवर, चौदाव्या क्रमांकाने हंगाम संपवला.

या नऊ सामन्यांची गोष्ट जिद्द, एकजूट आणि मालकांनी प्रशिक्षकावर टाकलेला विश्वास या तीन शब्दांत सांगायची पद्धत आहे. सांगली-मिरजेत रविवारी पहाटेपर्यंत सामने बघत जागणारी पोरंही तशीच सांगतात. पुढच्याच वर्षी हा संघ विजेता झाला, त्यामुळे मागचं सगळं त्या उजेडात वाचलं गेलं. मला ही आवृत्ती अपुरी वाटते. ३८ निकालांची यादी ओळीने वाचली तर वेगळं काही दिसतं, आणि आपल्याकडे संघ चालवणाऱ्या माणसाच्या कामाचं तेच आहे.

पडझड कशी होती

लेस्टर दहा वर्षांनी वरच्या लीगमध्ये परतला होता. २०१३-१४ ची चॅम्पियनशिप त्यांनी १०२ गुणांनी जिंकली होती. प्रशिक्षक नायजेल पिअरसन, त्यांचे सहायक क्रेग शेक्सपिअर आणि खेळाडू हेरणारे स्टीव्ह वॉल्श ही मंडळी जुनी. कर्णधार वेस मॉर्गन, गोलकीपर कास्पर श्मायकेल, जेमी वार्डी, अँडी किंग, डॅनी ड्रिंकवॉटर हेही खालच्या श्रेणीतून सोबत वर आलेले.

सुरुवात चांगलीच झाली. एव्हर्टन आणि आर्सेनलशी बरोबरी, चेल्सीकडून ०-२, स्टोकमध्ये १-० विजय. मग २१ सप्टेंबरला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध १-३ पिछाडीवरून ५-३. समोर डी मारिया, फाल्काओ, रूनी, व्हॅन पर्सी होते. पाच सामन्यांत आठ गुण. माझ्या मते हा विजय लेस्टरला महागात पडला. मोठ्या संघाशी खुल्या मैदानात दोन हात केले तरी चालतं, असा समज त्यातून होतो, आणि तो समज ऑक्टोबरात फेडावा लागतो.

पुढचे १३ सामने एकही विजय नाही. दोन बरोबरी, अकरा पराभव. त्यातल्या सलग पाच सामन्यांत एकही गोल नाही. डिसेंबरात श्मायकेलचं पायाचं हाड मोडलं. २८ डिसेंबरला हलमध्ये रियाद महरेझच्या गोलवर १-० असा विजय मिळाला, १ जानेवारीला लिव्हरपूलला ०-२ पिछाडीवरून २-२ झालं, १० जानेवारीला ॲस्टन व्हिलाला १-० ने हरवलं. झालं, संघ सावरला असं वाटलं. त्यानंतर पुन्हा आठ सामने विजय नाही, गुण फक्त दोन.

आता त्याच यादीत फरकाचा रकाना बघा. पहिल्या २९ सामन्यांत लेस्टर १८ वेळा हरला. त्यातले दहा पराभव एका गोलाने. उरलेले आठ दोन गोलांनी. तीन गोलांच्या फरकाने ते संपूर्ण हंगामात एकदाही हरले नाहीत. जो संघ विजेता झाला त्या चेल्सीकडूनही नाही, त्या वर्षी दुसऱ्या आलेल्या मँचेस्टर सिटीकडूनही नाही.

गुणांवर हरणारा पैलवान आणि दर कुस्तीत चितपट होणारा पैलवान यांची तयारी एकच वस्ताद सारखीच घेणार नाही. गुणतक्त्यात मात्र दोघांच्या नावापुढे सारखंच शून्य दिसतं. फेब्रुवारीतला लेस्टर पहिल्या प्रकारचा होता, आणि तक्ता तेवढाच वाचणाऱ्याला ते कळणं शक्य नव्हतं.

मिरजेतली एक बैठक

इथे थोडं विषयांतर करतो, कारण हे प्रकरण मी पहिल्यांदा मांडलं ते मिरजेतल्या एका संघासाठी. संघ हरत होता. कार्यकारिणीच्या बैठकीत प्रशिक्षक बदलायचा आणि कोल्हापूरहून एक स्ट्रायकर आणायचा, असे दोन ठराव येणार होते. (आपल्याकडे ही दोन औषधं प्रत्येक दुखण्यावर चालतात. शाहू स्टेडियमवर एखादा पोरगा दोन गोल मारताना दिसला की निम्म्या जिल्ह्याचा फोन त्याला जातो.) बैठकीआधी सचिवांनी मला बोलावलं. "सर, तळाला जाऊन वर आलेल्या एखाद्या संघाची गोष्ट सांगा. पोरं जरा पेटली पाहिजेत," म्हणाले.

मी त्यांच्याकडे सामन्यांची वही मागितली. वही होती, हे कौतुकाचं. तिच्यात गोल कितव्या मिनिटाला झाला तेही लिहिलेलं होतं. लेस्टरसारखं एका-एका गोलाचं दुखणं तिथे नव्हतं. संघ मोठ्या फरकाने हरत होता आणि बहुतेक गोल उत्तरार्धात, दमछाक झाल्यावर खात होता. कारण सगळ्यांना माहीत होतं, पण ठरावात कुणी लिहिलं नव्हतं: मागच्या फळीतली निम्मी पोरं कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला. सरावाला एका दिवशी दोन बॅक यायचे, दुसऱ्या दिवशी दुसरेच दोन. अकरा जण एकत्र उभे राहायचे ते थेट सामन्याच्या दिवशी.

लेस्टरने तीन सेंटर-बॅक (बचावफळीच्या मध्यावर उभे राहणारे) खेळवले आणि गाडी रुळावर आली, हे मी सांगितल्यावर कर्णधार सचिवांना म्हणाला, "काका, तीन बॅक ठेवायला तीन जण एका दिवशी यायला तर पाहिजेत."

प्रशिक्षकाचा ठराव त्या दिवशी बाजूला पडला. सरावाची वेळ शिफ्ट सुटण्यावर बसवता येते का, यावर तासभर वाद झाला. मला तो तास स्ट्रायकरच्या चर्चेपेक्षा कामाचा वाटला. स्ट्रायकर मात्र त्यांनी आणलाच. असो.

फेब्रुवारी: न घेतलेला निर्णय

७ फेब्रुवारीला लेस्टर घरच्या मैदानावर क्रिस्टल पॅलेसकडून ०-१ हरला. त्या सामन्यात पॅलेसचा जेम्स मॅकार्थर सीमारेषेबाहेर पिअरसनवर येऊन आदळला आणि पिअरसनने त्याला गळ्याशी धरलं, ते दृश्य जगभर दाखवलं गेलं. दुसऱ्या दिवशी पिअरसनला काढल्याची बातमी पसरली. रात्री क्लबने ती खोटी असल्याचं जाहीर केलं. थाई मालक विचाई श्रीवद्धनप्रभा यांच्या क्लबने पिअरसनला ठेवलं.

गोष्टीतला विश्वास तो हाच. पण त्यानंतरच्या पाच सामन्यांत काय झालं? आर्सेनलकडून हार, एव्हर्टनशी बरोबरी, मँचेस्टर सिटीकडून हार, हलशी ०-० आणि टॉटनहॅमकडून ३-४. विश्वास टाकल्यावर पाच सामन्यांत दोन गुण.

शिवाय त्याच हंगामातले शेजारी बघितले की हे सूत्र आणखी डळमळीत होतं. बर्नलीने शॉन डायचला ठेवलं, हलने स्टीव्ह ब्रूसला ठेवलं. दोन्ही संघ खाली गेले. उलट ॲस्टन व्हिलाने फेब्रुवारीत पॉल लँबर्टला काढून टिम शेरवुडला आणलं, सँडरलंडने मार्चमध्ये गस पोयेटला काढून डिक ॲडव्होकाटला आणलं, वेस्ट ब्रॉमने वर्ष बदलताना ॲलन अर्व्हाइनच्या जागी टोनी प्युलिसला बसवलं. तिघेही वाचले. क्वीन्स पार्क रेंजर्समधून हॅरी रेडनॅप फेब्रुवारीत गेले, नवा माणूस आला आणि संघ शेवटचा आला. म्हणजे माणूस ठेवलेल्यांपैकी दोन बुडाले, बदललेल्यांपैकी तीन तरले. "प्रशिक्षक बदलू नका" हा धडा लेस्टरवरून काढणाऱ्याने हे सहा संघ झाकून ठेवलेले असतात.

तरीही तो निर्णय निरर्थक नव्हता. पिअरसनला हे खेळाडू २०११-१२ पासून ठाऊक होते. किंग तर क्लबच्या अकादमीतला. कोण कुठे वापरून बघता येईल, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात तयार होता. फेब्रुवारीत आलेल्या नव्या माणसाला आधी नावं पाठ करावी लागली असती. ठेवण्याचा फायदा एवढाच आणि तो कामाचा: मार्चमध्ये संघाची रचना मोडून नवी बसवताना ओळखीत वेळ गेला नाही.

मार्च: मागे एक जास्त, पुढे गोल जास्त

खरा बदल टॉटनहॅमच्या सामन्याच्या सुमारास झाला. तोवर पिअरसन बहुतेक वेळा मागे चार जण ठेवत. आता तीन सेंटर-बॅक आले: मध्ये आणि बाजूला मॉर्गन, मार्चिन वासिलेव्स्की आणि रॉबर्ट हूथ. हूथ फेब्रुवारीच्या सुरुवातीला स्टोककडून उसना घेतलेला. संघाचे सगळ्यात गाजलेले खरेदीचे आकडे लिओनार्दो उयोआ आणि आंद्रे क्रामारिच या पुढच्या खेळाडूंचे होते. हंगाम वाचवायला ज्याचा सर्वात उपयोग झाला, तो हा उसना बॅक. श्मायकेलही मार्चमध्येच परतला.

कागदावर हा बचावाचा बदल. मैदानात त्याचे परिणाम पुढच्या बाजूला दिसले, ते कसे ते सावकाश बघू.

मागे तीन जण पक्के असले की दोन्ही कडांचे खेळाडू पूर्ण कड एकट्याने सांभाळू शकतात. उजवीकडे मार्क ऑलब्राइटन आला. २०१४ मध्ये व्हिलाने सोडल्यावर फुकट मिळालेला हा विंगर, म्हणजे कडेने खेळणारा खेळाडू, तोवर बराच काळ बाकावर होता. चार बॅकच्या रचनेत त्याच्या मागे कोण धावणार हा प्रश्न पडायचा. आता त्याच्या मागे एक सेंटर-बॅक होता. तो सतत वर जाऊन क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर चेंडू, टाकू लागला. डावीकडे जेफ्री श्लुप, कधी पॉल कॉन्चेस्की. क्रॉस यायला लागल्यावर उंच उयोआला खाद्य मिळालं.

मध्ये एस्तेबान कांबियासो. अर्जेंटिनाचा, २०१० मध्ये इटलीच्या इंटर मिलानसोबत चॅम्पियन्स लीग जिंकलेला, वय ३४. त्याला चेंडू कुठे जाणार हे आधी कळायचं, पण पन्नास यार्ड मागे धावत जाऊन जागा भरणं त्याला या वयात जमणारं नव्हतं. मागे तिसरा माणूस आल्यावर ते धावणं वाचलं, आणि तो पुढे तोंड करून खेळू लागला. वर्षअखेरीस लेस्टरचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली.

आणि वार्डी. तोवर त्याला कडेलाही खेळवलं जायचं, तिथून परत येऊन बॅकला मदत करायची. आता दोन स्ट्रायकरांपैकी एक म्हणून तो प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीच्या मागच्या मोकळ्या जागेत धावायला मोकळा झाला. हंगामात त्याचे लीगमधले गोल पाचच, उयोआचे अकरा. पण शेवटच्या टप्प्यात त्याच्या धावांमुळे समोरचे बॅक मागे सरकायचे, आणि कांबियासोला चेंडू घेऊन मान वर करायला दोन सेकंद मिळायचे.

आता आकडे. पहिल्या २९ सामन्यांत लेस्टरने २७ गोल केले, ४८ खाल्ले. शेवटच्या नऊ सामन्यांत १९ केले, ७ खाल्ले. गोल न खाता संपवलेले सामने आधी २९ मध्ये पाच, नंतर नऊमध्ये पाच.

बर्नली आणि हलशी तुलना केली तर रचनेच्या बदलाची किंमत कळते. पूर्ण हंगामात लेस्टरने ५५ गोल खाल्ले. खाली गेलेल्या बर्नलीने ५३ आणि हलने ५१. म्हणजे वाचलेल्या संघाचा बचाव बुडालेल्या दोन संघांपेक्षा आकड्यांत वाईट होता! फरक दुसऱ्या बाजूला: लेस्टरचे ४६ गोल, हलचे ३३, बर्नलीचे २८. बर्नली हा शिस्तीचा, घट्ट संघ होता, आणि त्याला गोल कसा करायचा हेच सापडलं नाही.

सोपे सामने होते म्हणून?

हा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. शेवटच्या नऊ प्रतिस्पर्ध्यांपैकी सहा संघ अखेरच्या तक्त्यात बाराव्या किंवा त्याखालच्या क्रमांकावर होते. पण लीगची सोय अशी की प्रत्येक संघाशी दोनदा खेळावं लागतं, त्यामुळे हा आक्षेप तपासता येतो. याच नऊ संघांशी लेस्टर हंगामाच्या पूर्वार्धातही खेळला होता. तेव्हा त्याला मिळाले दोन गुण. बर्नलीशी २-२, सँडरलंडशी ०-०, बाकी सात पराभव. गोल ४ केले, १५ खाल्ले. तेच नऊ संघ दुसऱ्यांदा समोर आले तेव्हा २२ गुण.

एक फरक मात्र प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. पूर्वार्धात या नऊपैकी तीनच सामने घरच्या मैदानावर होते, शेवटी सहा. घरच्या मैदानाचा फायदा झालाच. पण बाहेरच्या तिन्ही सामन्यांतून, वेस्ट ब्रॉम, बर्नली आणि सँडरलंडमध्ये, त्यांनी सात गुण आणले. पहिल्या फेरीत याच तिघांशी घरी खेळून दोन गुण मिळाले होते. सगळं श्रेय घरच्या प्रेक्षकांना देता येत नाही.

चार शनिवार, आणि नशीब

४ एप्रिलला वेस्ट हॅम. कांबियासोने लांबून मारलेला गोल, मग बरोबरी, आणि ८६ व्या मिनिटाला किंगचा गोल. २-१. लीगमधला बारा आठवड्यांतला पहिला विजय.

११ एप्रिलला वेस्ट ब्रॉममध्ये. दहा मिनिटं उरलेली असताना लेस्टर १-२ मागे होता. ८० व्या मिनिटाला हूथने बरोबरी केली, आणि भरपाई वेळेत वार्डी मैदानाच्या मध्यापासून चेंडू घेऊन धावत गेला आणि गोल केला. ३-२. हा सामना हरला असता तर बहुधा पुढे लिहिण्यासारखं काही उरलं नसतं.

१८ एप्रिलला स्वानसीविरुद्ध उयोआ आणि किंगच्या गोलांनी २-० असा विजय. मग २५ एप्रिल, बर्नलीच्या मैदानावर, तळाशी झगडणाऱ्या दोन संघांची गाठ. उत्तरार्धात बर्नलीला पेनल्टी मिळाली. मॅट टेलरचा फटका खांबाला लागला. एका मिनिटाच्या आत दुसऱ्या टोकाला वार्डीने गोल केला. लेस्टर १-० जिंकला.

खांबाची जाडी काही इंच असते. तो चेंडू आत गेला असता तर बर्नली कदाचित वाचला असता आणि हे प्रकरण आपण डायचच्या नावाने अभ्यासलं असतं. जे लोक या हंगामाला नियोजनाचा विजय म्हणतात त्यांना मी हे मिनिट पुन्हा बघायला सांगतो. आणि जे याला निव्वळ नशीब म्हणतात त्यांना पूर्वार्धातले ते सहा पराभव, जे एका गोलाने झाले. १३ सामन्यांच्या त्या काळात नशिबाचा चेंडू सारखा दुसऱ्यांच्या अंगणात पडत होता, तेव्हा कुणी नशीब हा शब्द काढला नव्हता. एक-एक गोलाने हरणाऱ्या संघाला थोडंसं सुधारूनही मोठा फायदा होतो, कारण त्याचे पराभव आधीपासूनच विजयाच्या उंबरठ्याशी असतात. चार गोलांनी हरणारा संघ तेवढाच सुधारला तर तीन गोलांनी हरेल, आणि तक्त्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

२९ एप्रिलला चेल्सीने १-३ असं हरवलं. ऑलब्राइटनने पहिला गोल करूनही. विजेतेपदाच्या वाटेवरच्या संघाकडून झालेला हा पराभव गाजला तो सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदेत पिअरसन एका पत्रकाराला शहामृग म्हणाले म्हणून. संघाने त्याचा परिणाम करून घेतला नाही. तीन दिवसांनी न्यूकॅसलला ३-०, त्यातले दोन गोल उयोआचे, एक मॉर्गनचा. ९ मे ला साउदॅम्प्टनला २-०, दोन्ही महरेझचे. १६ मे ला सँडरलंडमध्ये ०-०, आणि वाचण्यावर शिक्कामोर्तब. मला या मालिकेतला सर्वांत आवडता सामना हाच. कंटाळवाणा, गोलशून्य, दोन्ही संघांना एक-एक गुण पुरेसा वाटणारा. सप्टेंबरातल्या लेस्टरने तो जिंकायला जाऊन बहुधा घालवला असता. शेवटच्या दिवशी, २४ मे ला, आधीच बुडालेल्या क्वीन्स पार्क रेंजर्सला ५-१.

पुढे

३० जूनला क्लबने पिअरसनला काढलं, कारणं मैदानाबाहेरची होती. जुलैत क्लॉदिओ रानिएरी आले. शेक्सपिअर आणि वॉल्श राहिले. हूथला कायमचं घेतलं, फ्रान्सहून एन्गोलो कांते आला. तीन सेंटर-बॅकची जी रचना सगळ्यांनी डोक्यावर घेतली होती, ती रानिएरींनी बाजूला ठेवली आणि मागे पुन्हा चारच जण उभे केले, मध्ये मॉर्गन आणि हूथ. ३८ सामन्यांत तीन पराभव, ८१ गुण, विजेतेपद. तीन बॅकची रचना त्या मार्चमधल्या त्या खेळाडूंपुरती होती: वयस्क कांबियासो, बाकावरचा विंगर, चुकीच्या जागी धावणारा वार्डी. खेळाडू बदलले, वार्डीची जागा ठरली, मग तिची गरज संपली.

हाच क्लब २०२२-२३ मध्ये पुन्हा त्याच खड्ड्यात गेला. या वेळी गोल करणारे भरपूर होते. हंगामात लेस्टरने ५१ गोल केले, २०१४-१५ पेक्षा पाच जास्त. २८ सामन्यांनंतर २५ गुण होते, म्हणजे २०१५ च्या त्या मार्चपेक्षा बरी अवस्था. एप्रिलच्या सुरुवातीला प्रशिक्षक ब्रेंडन रॉजर्स यांना सोडचिठ्ठी मिळाली, आठ सामने उरलेले असताना डीन स्मिथ आले. शेवटच्या दहा सामन्यांत १२ गोल केले आणि १९ खाल्ले. गोल न खाता एकच सामना संपवला, न्यूकॅसलमधला ०-०. हंगामात खाल्लेले गोल ६८. शेवटच्या दिवशी वेस्ट हॅमला २-१ ने हरवूनही लेस्टर ३४ गुणांवर अठरावा राहिला. सतराव्या आलेल्या एव्हर्टनचे ३६ होते.